भेंडीला तार सुटू द्या

स्वयंपाकातलं मला फार काही येत नाही, पण भेंडी येते. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना ऐकवत आलोय आणि दरवेळी आमच्या ओट्याकडून "सांगा, सांगा, अजून ह्यांना सांगायचं राहिलंय" असा बायकोचा आवाज येतो. जर्मनीत आखनला शिकायला आलो तेव्हा होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात सोलापूरच्या एका सीनियरने मला भेंडीचा धर्म शिकवला. आधी धुवायची, मग एकेक पुसायची, मग वाळवायची, आणि मगच सुरी लावायची. कापलेल्या भेंडीला पाण्याचा थेंब लागला की तार सुटते, आणि तार सुटली की माणूस संपला. थर्मोडायनॅमिक्समध्ये मी गटांगळ्या खाल्ल्या, भेंडीत कधीच नाही. पुढे डार्मश्टाटला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, डोक्यावरचे केस गेले. भेंडी मात्र कोरडीच राहिली.

ही बढाई तळमजल्यावरच्या आमच्या शेजारणीच्या कानावर गेली होती. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

शेजारीण सत्तरीपलीकडच्या. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, काळ्या. इथे अमेरिकन सैन्याची छावणी होती त्या काळात एका सैनिकाची बायको म्हणून आल्या. पुढे छावणी उठली, नवरा वारला, बाई राहिल्या. बालवाडीच्या स्वयंपाकघरात नोकरी करून निवृत्त झाल्या. त्यांचं जर्मन इथल्या हेसन वळणाचं, पण 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणताना त्या तो शब्द असा लांबवतात की जर्मन माणसालाही आपण खरंच एवढे बरोबर बोललो का, अशी शंका येते. आमची मुलगी लहान असताना आम्ही दोघं कामावर गेलो की ती त्यांच्याकडे असायची. ती त्यांना ओमा म्हणते. मराठी कळतं तिला, पण आम्ही मराठीत विचारलं की उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि त्यातही ओमाचा हेल असतो.

ह्या बाईंच्या पणजीची आई गुलाम म्हणून जन्मली होती. भातशेतीच्या मोठ्या जमीनदाराकडे ती स्वयंपाकीण होती. तिथे स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळं, मागच्या अंगणात असायचं, म्हणजे धूर आणि माणसं दोन्ही लांब. गुलामगिरी संपल्यावर ती बंदराजवळ टोपलीत अन्न घेऊन बसू लागली. टोपलीची टपरी झाली, टपरीची खानावळ झाली. खलाशी यायचे, वकील यायचे, आणि पूर्वी जे फक्त हुकूम सोडायचे तेही मागच्या दाराने कोणाला तरी पाठवून न्यायचे. आजूबाजूच्या कितीतरी मुलींना तिने हाताखाली घेऊन शिकवलं आणि त्या मुली घरोघर, हॉटेलांत जाऊन तिचं रांधू लागल्या. टोमॅटोतला लाल भात, तिळाच्या पातळ वड्या आणि सगळ्यांत वर तिचं भेंडीचं सूप. आज त्या शहरात पर्यटक जातात आणि 'इथलं अस्सल जुनं जेवण' म्हणून जे खातात, ते तिचं आहे.

"आणि ह्या पाककृतींचं पुस्तक छापलं कुणाच्या नावावर?" मी एकदा विचारलं होतं.

"जमीनदाराच्या नातीच्या. 'आमच्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरातून' असं लिहून." बाई हसल्या. "खोटं नाही ते. फक्त कुटुंबातलं कुणी त्या स्वयंपाकघरात पाय ठेवत नव्हतं."

प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवणारी जी संस्था इथे गावोगाव असते, तिच्यात बाई वर्षातून एकदा दक्षिणेकडचा स्वयंपाक शिकवायच्या. लोक बर्गर शिकायला म्हणून यायचे आणि चवळी-भात शिकून जायचे. ह्या शरदात मात्र त्यांनी वर्ग नको म्हटलं, जेवण ठेवलं. फक्त त्या पूर्वज बाईंसाठी. सूप, भात आणि तिची गोष्ट. भिंतीवर लावायच्या कागदावर तिचं नाव मोठ्या अक्षरात. तिच्या स्वतःच्या शहराने असं कधी केलं नाही म्हणे. "मग डार्मश्टाटने केलं तर कुणाचं काय जातं?" असं त्यांचं म्हणणं.

आणि जेवण आठवड्यावर आलं असताना बाई तळघराच्या पायरीवरून घसरल्या. उजवा हात गिप्समध्ये, म्हणजे प्लॅस्टरमध्ये, बोटांपासून कोपरापर्यंत.

संस्थेतली बाई प्रेमळ होती. म्हणाली, पुढे ढकलू, नाहीतर माझी बहीण बटाट्याचं सॅलड फार छान करते, ती आणेल.

"तिच्या नावाने बटाट्याचं सॅलड," असं म्हणत आमच्या बाई जिना चढून आमच्याकडे आल्या. दार आईने उघडलं. आई त्या वेळी गावाहून तीन महिन्यांसाठी आली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण आईने गिप्स पाहिलं, "अगं आई गं, ताई" म्हणून त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि चहा टाकला. मग मला हाक मारली.

"तुला भेंडी येते म्हणतोस ना?" बाईंनी मला विचारलं.

"येते."

ओट्याकडून खोकला आला.

"मग तू माझा हात हो. मी बसून सांगेन." त्यांनी गिप्सचा हात टेबलावर ठेवला. "हे बघ. मी भाषण करेन, ते लोक घरी जाईपर्यंत विसरतील. तोंडात काय गेलं ते विसरणार नाहीत. तिचं नाव पहिल्यांदाच एवढ्या माणसांसमोर निघणार आहे. ते बेचव सुपाबरोबर निघायला नको."

मी आईला भाषांतर करून सांगितलं. आई म्हणाली, "मग ह्याला कशाला सांगतायत त्या?"

तेवढं मी भाषांतर केलं नाही.

गुरुवारी तालीम ठरली. बाईंची दुपारी डॉक्टरकडे वेळ होती, त्यांना यायला उशीर होणार होता. हाड, कांदा, टोमॅटो उकळत ठेव, भेंडी कापून ठेव, मी येते, असं त्यांनी सांगितलं होतं. आता कापून ठेव म्हटलं तर माणसाने कापून ठेवावी. पण मला दाखवायचं होतं. तुर्की दुकानातून मी होती नव्हती तेवढी भेंडी आणली. धुतली. एकेक पुसली. इथे पंखा नाही, तेव्हा टेबलावर जर्मन वर्तमानपत्र पसरलं, त्यावर भेंडी मांडली आणि मुलीचा हेअर ड्रायर लावला. मुलगी दारात येऊन उभी राहिली, पाहिलं, "पापा, नाइन", म्हणजे 'नको', म्हणाली आणि गेली. मग मी ती कापली, तेलावर परतली, वर लिंबू पिळलं, पुन्हा परतली. एक तार नाही. कुरकुरीत, हिरवीगार, एकमेकीला न चिकटलेली भेंडी. अशी भेंडी पाहून त्या सोलापूरच्या सीनियरने पाठ थोपटली असती. ती मी पातेल्यात सोडली आणि हात पुसत बाईंची वाट पाहत बसलो.

बाई आल्या. डाव्या हाताने चमचा घातला, वर काढला, तिरका केला. सूप पाण्यासारखं खाली पडलं. त्यांनी चाखलं. मग पातेल्यात वाकून पाहिलं, जसं कुणी विहिरीत पाहावं.

"कुठे आहे?"

"काय?"

"ती कुठे आहे, जिने हे दाट व्हायला पाहिजे?"

"चिकटपणा? तो मी काढला," मी म्हणालो. म्हणताना आवाजात थोडा अभिमान होता, हे कबूल करायला हवं.

बाई खुर्चीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आल्झो, असं आहे. ह्या सुपात दाटपणासाठी दुसरं काही नाही. पीठ नाही, साय नाही. तिच्याकडे तेच होतं. तू तिचं तेवढंच काढून टाकलंस."

माझी बायको दवाखान्यातली ड्यूटी संपवून नुकतीच आली होती. तिने चाखलं आणि म्हणाली, "अहो, भाजी म्हणून चांगली झालीय. भाजी बुडालीय एवढंच." ही तिने केलेली सर्वांत मोठी तारीफ आणि ती अशा दिवशी.

मला बाईंच्या चेहऱ्याकडे पाहवेना. शनिवारी जेवण होतं. त्यांनी माझ्या भरवशावर बटाट्याच्या सॅलडला नकार दिला होता.

आई इतका वेळ ऐकत होती. तिने विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तारेची भेंडी म्हंजे वंगाळ कुणी सांगितलं तुला? गुऱ्हाळावर काय घालायचे मग?"

मला माहीत नव्हतं. आईचं माहेर उसाच्या भागातलं. ती सांगू लागली. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळायला लागला की त्यात रानभेंडीच्या खोडांचा चिकट चोथा सोडायचे. त्या चिकटपणाला धरून सगळी मळी वर यायची, ती काढली की खाली रस नितळ. त्याशिवाय गूळ पिवळा होत नसे. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारायचे. सगळी आग त्यांच्या हातातली. पण काहिलीजवळ जायची मुभा नव्हती, आमची वस्ती गावाबाहेरची.

"भेंडीची खोडं तोडून आणायचं काम आम्हा पोरींचं," आई म्हणाली. "ठेचायचं काम त्यांचं. ठेचायला पाणी लागायचं ना. कोरडं आम्ही, ओलं त्यांनी. आमच्या हातचं ओलं चालायचं न्हाई."

मी हे जर्मनमध्ये सांगत गेलो. 'शिवणं' ह्या शब्दाशी अडलो, मग नुसतंच सांगितलं, ह्यांनी पाण्याला हात लावला तर ते लोक ते पाणी पीत नसत. बाईंना ते समजायला वेळ लागला.

"म्हणजे तुमच्या हातचं खायचेच नाहीत?"

"नाही."

"आमच्या हातचंच खायचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्यांची बाळंसुद्धा आमच्या बायकांच्या अंगावर वाढली. टेबलाशी बसू द्यायचे नाहीत, एवढंच."

मी आईला सांगितलं. आई विचारात पडली. "मग त्यांना शिवाशिव वाटत नव्हती?"

"भूक लागल्यावर नाही वाटायची," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडं भूक लागल्यावरही वाटायची," आई म्हणाली.

मी दोन्ही बाजूंचं भाषांतर करून झाल्यावर दोघी एकमेकींकडे पाहत होत्या आणि दोघींच्या तोंडावर एकच हसू होतं, वाईट वाटल्यावर येतं तसलं. बायको ओट्याला टेकून उभी होती. मग आई म्हणाली, "आणि गूळ मालकाच्या नावावर पेठेत जायचा. जाऊ दे. त्यांना विचार, तार सुटल्यावर वर झाकण ठेवायचं का उघडंच?"

बाईंनी उत्तर दिलं, उघडंच. मग आईने विचारलं, आच किती. मग बाईंनी विचारलं, गुऱ्हाळावर चिपाडं किती वेळाने घालायचे. तासभर ह्या दोघींचं असं चाललं होतं आणि मी मधे टेलिफोनच्या तारेसारखा उभा होतो. माझ्या चुकीबद्दल कुणी परत बोललंच नाही. खरं तर मला त्याचंही थोडं वाईट वाटलं.

शुक्रवारी तुर्की दुकानात ताजी भेंडी नव्हती. मीच नेली होती सगळी. दुकानदाराने फ्रीझरकडे बोट दाखवलं. मी भीत भीत बाईंना फोन केला.

"गोठलेली?" त्या म्हणाल्या. "बर्फासकट? उत्तम. ओली असेल."

शनिवारी दुपारी आम्ही सगळे त्या संस्थेच्या स्वयंपाकघरात. मधे मोठा ओटा, चार चुली, कचऱ्याचे पाच डबे आणि कोणत्या डब्यात काय टाकायचं ह्याची भिंतीवर चित्रं. बाई उंच स्टुलावर, डाव्या हातात लाकडी चमचा. त्यांच्या शेजारी आई, अंगावर शाल, पायात माझे लोकरी मोजे. बायको कोळंबी साफ करत होती. मुलगी तांदूळ धूत होती आणि दर पाण्याला ओमाकडे पाहत होती.

मी भेंडी कापायला घेतली. ती बोटांत विरघळत होती. सुरी उचलली की सुरीबरोबर तार वर यायची, पाट उचलला की पाटाबरोबर. आयुष्यभर जिच्यापासून पळालो ती आता माझ्या मनगटापर्यंत आली होती. माझा हात आपोआप फडक्याकडे जायचा.

"पुसू नकोस," बाई.

"पुसू नको रे," आई. तिला बाईंचं वाक्य कळलं होतं, भाषांतराशिवाय.

"अहो, तुम्ही फक्त कापा," बायको म्हणाली. "विचार माझ्याकडे द्या."

कापून झाली तशी ती मी पाण्यासकट पातेल्यात लोटली. पातेलं कसलं, टाकीच होती ती. आधी तारा दिसत होत्या, लांब, मला पाहवत नव्हत्या. मग बाईंनी आच कमी करायला लावली. ढवळ, म्हणाल्या, घाई करू नको. मी ढवळत राहिलो. त्या तेवढ्यात सांगत होत्या, लोक म्हणतात हिचं बी आफ्रिकेतून बायकांनी केसांत लपवून आणलं. खरं-खोटं देव जाणे, त्या गुलामांच्या जहाजात केससुद्धा कुणाचे स्वतःचे होते का कोण जाणे. पण भाजी आली, आणि तिचं काय करायचं हे ठाऊक असलेली माणसं आली. एवढं पुरे झालं. त्या बोलत असताना तारा कधी दिसेनाशा झाल्या ते मला कळलं नाही. चमचा जड झाला होता. टोमॅटो, हाडाचा रस, कांदा, सगळं एकमेकांत बसलं होतं आणि वर एक मंद चकाकी आली होती.

"कोळंबी," बाई म्हणाल्या. बायकोने ती सोडली. थोड्या वेळाने आच बंद.

मग त्यांनी चाखायला मागितलं. मी वाटीत घालून दिलं. बाहेर खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते, लोक जमू लागले होते. बाईंनी चमचा तिरका केला. सूप चमच्यावरून सावकाश, जाडसर पडलं. त्यांनी तोंडात घेतलं आणि डोळे मिटले. गिप्समधला हात त्यांनी छातीशी धरला होता.

"थोडं मीठ," म्हणाल्या. आणि मग, "तीच आहे."

मी मीठ घालायला वळलो, कारण मला वळायलाच हवं होतं. मी सांगतो, आयुष्यात मी दोन पेटंटांत नावापुरता आहे, त्या वेळी असं काही वाटलं नव्हतं.

बाहेर खोली भरली होती. बाई बोलल्या, थोडंच. कोण होती, कुठे उभी राहून रांधायची, सुटल्यावर कुठे बसून विकायची, किती मुली तिच्या हाताखालून गेल्या. मग म्हणाल्या, आज इथे पैसे नाहीत, तिकीट नाही. रांगेत या, तिचं नाव घ्या, वाटी घ्या. दीडशे वर्षं लोक नाव न घेता खातायत, आज घेऊन खा.

वाढायला मी होतो. ते नाव इथे लिहीत नाही, कारण ते तोंडाने घ्यायचं होतं आणि आम्ही घेतलं. जर्मन लोक रांगेत उभं राहण्यात तरबेज. एकेक जण यायचा, थोडा लाजायचा, नाव घ्यायचा, बाई मान हलवायच्या, मी वाटी द्यायचो. कुणी कुजबुजून घेतलं, कुणी सैन्यात हजेरी द्यावी तसं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उच्चार बरोबर आहे ना असं विचारून दोनदा घेतलं.

मग आईचा नंबर आला. ती रांगेतच उभी होती, पुढे ये म्हटलं तरी आली नव्हती. तिने शाल सावरली, बाईंकडे पाहिलं आणि नाव घेतलं. नुसतं नाही. नावापुढे 'बाई' लावून.

मी म्हणालो, "आई, नुसतं नाव."

"अरे, एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावानं कसं बोलवायचं?" आई म्हणाली. "आमच्या आईलाबी गावात कुणी बाई लावली न्हाई. मी तरी लावते."

बाईंनी मला विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं, आमच्याकडे आदराने नावापुढे हा शब्द लावतात. बाईंनी आईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिच्या नावाला आयुष्यभर कुणी काही लावलं नाही. ना पुढे, ना मागे. परत म्हणायला सांग."

आईने परत म्हटलं, ह्या वेळी शाळेत कविता म्हणावी तसं, मोठ्याने. मी तिची वाटी काठोकाठ भरली. तिच्या मागे चष्म्याची एक तरुण मुलगी होती, विद्यापीठातली असावी. तिला वाटलं नाव असंच आहे. तिनेही बाई लावली. तिच्या मागच्यानेही लावली. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं तेव्हा बाईंनी लाकडी चमच्याने माझ्या हातावर हलकेच मारलं.

"तू वाढ," त्या म्हणाल्या.